किरमिजी धागा : हेन्री पार्क्सवरच्या लेखाच्या कामाच्या नोंदी

१० मार्च २०२४, रविवार

काल दुकानात सुटे पैसे घेताना एक डॉलरचं वेगळंच नाणं हातात आलं. नेहमीचे पाच कांगारू त्यावर नव्हते. भरघोस दाढी आणि सिंहाच्या आयाळीसारखे केस असलेला एक म्हातारा होता. सर हेन्री पार्क्स, एकोणिसाव्या शतकात इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा पाच वेळा मुख्यमंत्री झालेला. नाणं १९९६ चं, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीचं. २००१ साली पाच डॉलरच्या एका विशेष नोटेवरही तो होता.

दिवाळी अंकासाठी 'इथल्या एका माणसावर' लेख देते असं पुण्याच्या संपादिकांना जानेवारीत कबूल केलं होतं, आणि तेव्हापासून विषय ठरत नव्हता. आज ठरला. ३००० शब्द, मुदत जुलैअखेर. कामाच्या नोंदी इथे ठेवत जाईन.

पहिली अडचण एका शब्दाची. 'वसाहतकालीन राजकारणी' म्हटलं की मराठी वाचकाला दादाभाई किंवा फिरोजशहा मेहता आठवतील, म्हणजे परक्या सत्तेखाली राहून तिच्याशी भांडणारी माणसं. पार्क्स तसा नाही. तो न्यू साउथ वेल्समध्ये वसायला आलेल्यांपैकी. १८५६ पासून या वसाहतीला स्वतःची विधानसभा आणि तिला जबाबदार मंत्रिमंडळ होतं, १८५८ पासून जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मत होतं. राणी तीच, साम्राज्य तेच, पण मुंबईला जे मागूनही मिळत नव्हतं ते सिडनीला मिळालेलं. ज्यांची ही जमीन मुळात होती, त्या आदिवासींना या व्यवस्थेत कुणी काही विचारलं नाही. हे तीन-चार वाक्यांत लेखाच्या सुरुवातीलाच यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या चौकटीत वाचलं जाईल.

१६ मार्च, शनिवार

बालपणावर काम केलं. जन्म २७ मे १८१५, वॉरिकशायरमधल्या कॅनली गावात. सात भावंडांत धाकटा. बाप कुळाने शेती करायचा. कर्जापायी १८२३ च्या सुमारास शेती गेली, बिऱ्हाड आधी वेल्सला, मग बर्मिंगहॅमला. पोराची शाळा नावापुरती. दोरखंड वळण्याच्या कारखान्यात रोज चार पेनी मजुरी, मग रस्त्यावर खडी फोडणं. पुढे हाड आणि हस्तिदंत कातणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी.

दोरखंडाच्या कारखान्याच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. याच्याकडे परत यायचं.

१८३६ साली क्लॅरिंडा व्हार्नीशी लग्न. दोन मुलं तान्ही असतानाच गेली. धंदा बसला. १८३९ च्या मार्चअखेर दोघं सरकारी मदतीच्या प्रवासभाड्यावर 'स्ट्रॅथफील्डसे' जहाजाच्या तळमजल्यात चढले. २५ जुलैला सिडनीत उतरले तेव्हा क्लॅरिंडाच्या हातात दोन दिवसांची मुलगी होती, समुद्रावरच जन्मलेली.

बाळंतपण जहाजाच्या पोटात, दोन दिवसांनी अनोळखी धक्का, ओळखीचं कुणी नाही, हातात जेमतेम चार नाणी. मी इथे विमानाने आले, नोकरीचं पत्र घेऊन, आणि तरी पहिल्या हिवाळ्यात रडत होते. क्लॅरिंडाबद्दल लेखात दोन ओळी जास्त टाकणार. पार्क्सच्या चरित्रात ती एरवी मागेच राहते.

२३ मार्च, शनिवार

मॅक्वारी स्ट्रीटवरच्या स्टेट लायब्ररीत दिवसभर. पार्क्सचा पत्रव्यवहार इथल्या मिशेल लायब्ररीत आहे. मायक्रोफिल्मवर तासभर गेला की डोळे चुरचुरतात, पण हात सुटत नाही.

मला सगळ्यात जवळची वाटली ती त्याने बहीण सेराला लिहिलेली सुरुवातीची पत्रं. ती पुढे त्याच्या मुलीने छापली. पहिले सहा महिने तो पेनरिथजवळ रीजंटव्हिल इथे सर जॉन जेमिसनच्या जमिनीवर मजूर होता. वर्षाला २५ पौंड आणि शिधा. १८४० मध्ये तो बहिणीला कळवतो की ऑस्ट्रेलियाबद्दलच्या सगळ्या अपेक्षा फोल ठरल्या, फक्त इथल्या दुष्टपणाबद्दल जे ऐकलं होतं ते कमीच निघालं. ज्या देशाचा हा माणूस पुढे बाप म्हणवला गेला, त्या देशाबद्दल त्याचं पहिलं मत हे.

आणखी एक धागा सापडला, तो उच्चाराचा. पार्क्सला इंग्रजीतला 'ह' नीट जमायचा नाही. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीचा तो ठसा पाच वेळा मुख्यमंत्री होऊनही गेला नाही, आणि शिकलेले विरोधक सभागृहात त्याच्या 'ह'ची नक्कल करत. इंग्रजी 'ह'ची ही भानगड मराठीत समजावून सांगायला लागणार नाही. 'आनी', 'पानी', 'कोन' म्हणणाऱ्या माणसाकडे बघून हसणारे आपल्याकडे आजही आहेत. माझी आई 'पानी'च म्हणायची. शाळेत बाईंनी माझं 'पानी' सुधारलं, आणि घरी येऊन मी आईचं सुधारायला गेले होते. तिचा त्या वेळचा चेहरा मला अजून दिसतो. पार्क्सबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली ती इथे.

३१ मार्च, रविवार

आज थोडंच. १८४० ते १८५० भराभर आवरलं : लोखंडी सामानाचं दुकान, पितळेचा कारखाना, जकात खात्यातली शिपाईगिरीवजा नोकरी, मग स्वतःचं हस्तिदंत कातण्याचं आणि खेळण्यांचं दुकान. याच काळात कविता. ११ जून १८४९ ला सर्क्युलर कीवर, भर पावसात, 'हॅशेमी' या कैदी जहाजाविरुद्ध झालेली प्रचंड सभा, आणि कैदी आणणं थांबवा या चळवळीत पार्क्सचा आवाज. राजकारणात तो या दरवाजाने आला.

डिसेंबर १८५० मध्ये त्याने 'एम्पायर' हे वृत्तपत्र काढलं. जुने अंक राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट पाहायला ठेवले आहेत. रात्री दीडपर्यंत नुसत्या जाहिराती वाचत बसले.

६ एप्रिल, शनिवार

आज जे सापडलं त्याने लेखाची मांडणीच बदलणार.

'एम्पायर' निघालं आणि पाच महिन्यांत, मे १८५१ मध्ये, बॅथर्स्टजवळ सोनं सापडल्याची बातमी फुटली. सिडनीतले कारागीर हातातली कामं टाकून खाणींकडे पळाले. छापखान्यात खिळे जुळवायला माणूस मिळेना, मिळाला तर मजुरी आकाशाला भिडलेली. तेव्हा पार्क्सने १८५४ च्या सुमारास मद्रासहून कंपोझिटर आणवले, युरेशियन, म्हणजे गोरा बाप आणि हिंदी आई अशा घरांतले. मद्रासच्या छापखान्यांत शिकलेले हात सिडनीच्या एका उदारमतवादी इंग्रजी पत्राची पानं जुळवत होते.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. अण्णांना फोन लावला. सांगलीत दुपार होती. अण्णांनी एका छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवले, ऑफसेट येईपर्यंत. घरी आले की आधी दगडीवर हात घासायचे, तरी नखांतला शिशाचा काळेपणा जायचा नाही.

"अण्णा, पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे मद्रासचे कंपोझिटर होते."

"इंग्रजी जुळवायला?"

"हो."

"मग सोपं होतं त्यांना," अण्णा म्हणाले. "इंग्रजीची खिळ्यांची केस लहान. आपल्या जोडाक्षरांची केस म्हणजे भिंत असायची. पण उलटं वाचायला तेवढंच लागतं, कुठलीही भाषा असू दे." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "गरज पडली की माणूस कुठला ते कुणी विचारत नाही, अगं. हात बघतात."

फोन ठेवल्यावर हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

७ एप्रिल, रविवार

पहाटे इथलं उन्हाळी घड्याळ मागे गेलं. आता भारतापासून साडेपाचऐवजी साडेचार तासांचं अंतर, अण्णांशी बोलायला सोपं.

'एम्पायर' १८५८ मध्ये कर्जात बुडालं आणि पार्क्स दिवाळखोर झाला. पैशाने तो आयुष्यभर उणाच. १८७० मध्ये पुन्हा दिवाळखोरी, १८८७ मध्ये मुख्यमंत्री असताना पुन्हा तीच पाळी. या भागाला एक परिच्छेद पुरे. तिसऱ्या लग्नाची चर्चा (वय ८०, वधू तेविशीतली) लेखात घेणार नाही. ती घेतली की वाचकाला दुसरं काही आठवत नाही.

२७ एप्रिल, शनिवार

आज पार्क्सची पुण्यतिथी. २७ एप्रिल १८९६ ला अनॅन्डेलच्या घरी तो गेला. त्याचं थडगं ब्लू माउंटन्समधल्या फॉकनब्रिजला आहे. गावाला हे नाव त्याच्या तिथल्या घरावरून पडलं, आणि घराचं नाव त्याने आईच्या माहेरच्या आडनावावरून ठेवलं होतं. मार्था फॉकनब्रिज. आडनाव बापाचं लागतं, गावाला मात्र आईचं दिलं.

पॅरामॅटाहून सकाळची गाडी धरली. पेनरिथ सोडल्यावर गाडी नेपियन नदी ओलांडते. पुलावरून डावी-उजवीकडे बघत होते. याच पाण्याच्या आसपास तो १८३९ मध्ये मजुरी करत होता. पुढे घाट चढत जातो, गाडीचा वेग कमी होतो, खिडकीतून निलगिरीचा वास येतो.

स्मशानभूमी साधी, झाडांखाली, सालपटांचा खच पडलेला. पाच वेळा मुख्यमंत्री झालेल्या माणसाचं थडगं म्हणून कल्पना केली होती तसं काहीच नाही. सरकारी इतमाम नको असं त्याने सांगून ठेवलं होतं. क्लॅरिंडाच्या शेजारी तो आहे. १८८८ च्या फेब्रुवारीत ती गेली. मी सोबत आणलेली शेवंती दोघांच्या मधोमध ठेवली. तिच्या वाट्याला जास्त यावी असं मनात होतं.

जवळच्या उद्यानात ओक वृक्षांची एक रांग आहे. देशाच्या पंतप्रधानांनी किंवा त्यांच्या वारसांनी प्रत्येकी एक झाड लावलं आहे. एप्रिलअखेर, पानं तांबूस झालेली. ज्या पदाची ही झाडं, ते पद निर्माण होण्याआधी पाच वर्षं पार्क्स मेला.

परतीच्या गाडीत लेखाचा आराखडा नव्याने लिहिला. जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ जायचं नाही. मद्रासच्या कंपोझिटरांपासून सुरू करायचं आणि १८८८ मध्ये चिनी प्रवाशांना घेऊन आलेल्या 'अफगाण' जहाजाकडे जायचं.

११ मे, शनिवार

सकाळी मराठी शाळा. आम्ही दर शनिवारी इथल्या एका सरकारी शाळेच्या वर्गात मुलांना मराठी शिकवतो. आज बाराखडीनंतर भिंतीवरच्या फळ्याकडे पाहताना एकदम जाणवलं की हा वर्ग इथे आहे याचं एक कारण पार्क्स आहे.

१८६६ चा सार्वजनिक शाळा कायदा त्याने वसाहत सचिव, म्हणजे मंत्री, असताना आणला. मग १८८० चा सार्वजनिक शिक्षण कायदा, तो मुख्यमंत्री असताना : सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, शिक्षण धर्मनिरपेक्ष, फी मुलामागे आठवड्याला तीन पेनी. चर्चच्या शाळांना मिळणारं सरकारी अनुदान १८८२ अखेर बंद. कॅथलिक बिशप खवळले, आणि ते वैर त्याला पुढे बरीच वर्षं पुरलं. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्याने एका अख्ख्या वसाहतीच्या पोरांना ती मिळवून दिली. मला त्याच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम वाटतं. फेडरेशनपेक्षाही, म्हणजे सगळ्या वसाहतींचं एक संघराज्य घडवण्यापेक्षाही.

याच सुमारास, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीराव फुले पुण्यात हंटर आयोगापुढे निवेदन देत होते की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मागणी तीच, साम्राज्य तेच, दोघेही खालून आलेले. सिडनीत तिचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात ती कागदावर राहिली, कारण फुल्यांच्या मागे मत देणारी विधानसभा नव्हती. १० मार्चच्या नोंदीतला 'वसाहत' शब्दाचा गुंता इथे एका उदाहरणात सुटतो. हे लेखात घेणार, पण चार ओळींत. जास्त ताणलं तर तुलनेचा लेख होईल.

१९ मे, रविवार

'अफगाण'वर तीन दिवस झाले. झोप नीट लागत नाही.

एप्रिल-मे १८८८. जहाज चिनी प्रवाशांना घेऊन आधी मेलबर्नला आलं, तिथे उतरू दिलं नाही, मग सिडनीला आलं. इथे रस्त्यांवर मोर्चे, संसदेच्या दारात जमाव. पार्क्सने पोलिस लावून प्रवाशांना धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही. त्यांतल्या काहींकडे इथे आधी राहून गेल्याचे, अगदी नागरिकत्वाचेही कागद होते. लो पाक नावाच्या प्रवाशाच्या वतीने प्रकरण वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने त्याला अडवणं बेकायदा ठरवलं. सरकारला असा अधिकारच नव्हता.

दरम्यान पार्क्सने सभागृहात विधेयक घाईने रेटलं. तो म्हणाला की तुमच्या कायद्याच्या तांत्रिक कोळिष्टकाची मला पर्वा नाही, मी त्याहून श्रेष्ठ कायदा पाळतो आहे, न्यू साउथ वेल्सच्या समाजाच्या रक्षणाचा. १८८१ मध्ये त्याच्याच सरकारने चिनी माणसामागे १० पौंड कर आणि जहाजाच्या दर १०० टनांमागे एकच चिनी प्रवासी अशी अट घातली होती. १८८८ मध्ये ती १०० पौंड आणि ३०० टन झाली.

१०० पौंड म्हणजे रीजंटव्हिलच्या मजूर पार्क्सची चार वर्षांची कमाई. हा हिशेब मी वहीत मांडला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. त्याच्या डोक्यात हा हिशेब आला नसेल असं मला वाटत नाही. स्वतःची मजुरी माणूस विसरत नाही. आपण जहाजातून उतरलो तेव्हा आपल्याला अशी अट असती तर क्लॅरिंडा आणि दोन दिवसांची पोर कुठे असती, हे त्याला कळत होतं, आणि तरीही त्याने ते केलं. कारण मतं तिकडे होती, आणि त्याचा स्वतःचाही तसाच विश्वास होता. चिनी मजूर आले की मजुरी पडेल, असं सिडनीतल्या कामगारांना वाटायचं. त्या भीतीला पार्क्सने कायद्याचं रूप दिलं.

हे लिहिताना हात सैल सोडायचा नाही. 'त्या काळाच्या मर्यादा' हा शब्दप्रयोग लेखात कुठेही नको. त्याच काळात त्याच शहरातले न्यायाधीश वेगळं बोलले होते.

२६ मे, रविवार

संपादिकांचा निरोप : "ताई, मजकूर उत्तम होतोय, पण आपल्या वाचकाने हा माणूस का वाचायचा ते पहिल्या पानात कळू द्या." बरोबर आहे त्यांचं. पहिलं पान पुन्हा लिहिलं. नाणं काढून टाकलं, कंपोझिटर वर आणले.

२ जून, रविवार

आज फक्त एक वाक्य.

६ फेब्रुवारी १८९०. मेलबर्न, संसद भवनातली मेजवानी. सगळ्या वसाहतींचे प्रतिनिधी संघराज्याची बोलणी करायला जमलेले. पार्क्स उठतो आणि म्हणतो ते वाक्य इथल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. नात्याचा एक गडद लाल धागा आपल्या सर्वांतून जातो, असा त्याचा अर्थ. मराठीत ते कसं बसवायचं?

नात्यासाठीचा शब्द आधी. 'भाऊबंदकी' अर्थाने जवळ, पण मराठीत भाऊबंदकी म्हटलं की बांधावरून डोकी फोडणंच दिसतं. तसं पाहिलं तर या वसाहतींचं चाललं होतं तेही तेच : मरे नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांच्या मालावर जकात, आणि रुळांची रुंदी वेगवेगळी. न्यू साउथ वेल्सचा रूळ चार फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियाचा पाच फूट तीन इंच. १८८३ मध्ये दोन्ही लोहमार्ग ऑल्बरीला भिडले तरी माणसांना तिथे गाडी बदलावी लागे. मीटरगेज-ब्रॉडगेजच्या जंक्शनांवर रात्री सामान वाहिलेल्या आपल्या लोकांना हे सांगायला दोन ओळी पुरतील. पण पार्क्सच्या वाक्यात 'भाऊबंदकी' बसत नाही. 'गोत' छान आहे, पण जातीचा वास येतो. 'आप्तभाव' पुस्तकी. 'रक्ताचं नातं' हेच खरं, कारण त्याला नेमकं रक्तच म्हणायचं होतं.

रंग : 'लाल' सपाट, 'शेंदरी' देवळात नेतो. 'किरमिजी' ठरलं.

आता धागा. इथे १६ मार्चची पेन्सिलीची रेघ कामाला आली. ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडांत एक रंगीत धागा वळताना घालत, म्हणजे दोर कुठूनही कापला तरी सरकारी मालकी ओळखू यावी. लहानपणी चार पेनीवर दोर वळणाऱ्या पोराच्या तोंडी पंचाहत्तराव्या वर्षी हा धागा आला, तो तिथूनच आला असावा असं मला वाटतं. माझा तर्क आहे, लेखात तर्क म्हणूनच लिहीन. पण धाग्यापेक्षा 'पीळ' हा शब्द मोहात पाडत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. 'रक्ताच्या नात्याचा किरमिजी पीळ'. दोन तास हाच धरून बसले, मग सोडला. पीळ म्हटलं की हट्ट ऐकू येतो.

क्रियापद अण्णांनी सुचवलं. मी 'जातो', 'धावतो' म्हणत होते. ते म्हणाले, "ओवलेला म्हण. सूत्रे मणिगणा इव." कान तृप्त झाला. पण रात्रीच शंका आली. गीतेतल्या त्या सूत्रात सगळं जग ओवलेलं आहे, एकही मणी बाहेर नाही. पार्क्सच्या धाग्यात लो पाक नव्हता. हजारो वर्षांपासून इथे राहणारे आदिवासी नव्हते. मद्रासचे ते खिळे जुळवणारे, ज्यांच्यात अर्धं रक्त गोऱ्यांचंच होतं, ते होते की नव्हते? 'ओवलेला' शब्दाने पार्क्सला त्याच्याकडे नसलेला मोठेपणा मिळतो.

३ जून, सोमवार

कामावर जाताना गाडीत सुटलं : "रक्ताच्या नात्याचा एक किरमिजी धागा आपल्या सर्वांतून गेलेला आहे." 'गेलेला' साधा आहे, भारावत नाही. अण्णांना कळवलं. ते नाराज झाले, मग कारण ऐकून म्हणाले, "बरं, तुझं बरोबर."

१५ जून, शनिवार

१८६८ चं वर्ष बसवलं. याला एकच पान. पार्क्सने फ्लॉरेन्स नाइटिंगेलला लिहून प्रशिक्षित परिचारिका मागवल्या. लुसी ऑस्बर्न आणि तिच्या पाच सहकारी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सिडनीत उतरल्या. १२ मार्चला क्लॉन्टार्फला राजपुत्र आल्फ्रेडवर ओफॅरेल नावाच्या आयरिश माणसाने गोळी झाडली, आणि नव्या परिचारिकांवर पहिलीच जबाबदारी पडली ती राजपुत्राच्या शुश्रूषेची. राजपुत्र वाचला, ओफॅरेल एप्रिलमध्ये फाशी गेला.

इथवर पार्क्सचं काम चोख. पण ऑगस्टमध्ये आपल्या किआमा मतदारसंघात त्याने भाषण ठोकलं की हा एकट्याचा बेत नव्हता, मागे कट होता, आणि कटवाल्यांनी आपल्यातल्याच एकाचा काटा काढला, आपल्याकडे पुरावा आहे. तो पुरावा कधीच उभा राहिला नाही. लोक या कटाला 'किआमाचं भूत' म्हणू लागले. मधल्या काळात आयरिश कॅथलिकांकडे संशयाने पाहण्याची सवय मात्र वसाहतीला लागली.

हे आणि 'अफगाण' एकाच माणसाच्या दोन वेगळ्या चुका नाहीत. बाहेरच्याकडे बोट दाखवलं की आतले एकत्र येतात, ही विद्या त्याने १८६८ मध्ये आयरिशांवर आजमावली आणि वीस वर्षांनी चिन्यांवर पक्की केली. एकजूट घडवण्याचं त्याचं कसब खरं होतं आणि त्यातला हा भागही खरा. लेखाचा कणा हाच.

३० जून, रविवार

टेन्टरफील्ड. २४ ऑक्टोबर १८८९, ब्रिस्बेनहून परतताना क्वीन्सलँडच्या सीमेजवळच्या त्या गावी स्कूल ऑफ आर्ट्समध्ये भाषण. मेजर जनरल एडवर्ड्सचा संरक्षणाबद्दलचा अहवाल ताजा होता : सहा वसाहतींच्या सहा फौजा काही कामाच्या नाहीत. पार्क्सने तो हाताशी धरून सांगितलं की अमेरिकेने जे युद्धाने साधलं ते आपण शांततेने साधू. १८९१ च्या सिडनी अधिवेशनाचा तो अध्यक्ष होता, आणि नव्या राष्ट्राला 'कॉमनवेल्थ' हे नावही त्यानेच सुचवलं. ऑक्टोबर १८९१ मध्ये त्याची पाचवी आणि शेवटची सत्ता गेली.

१ जानेवारी १९०१ ला संघराज्याची घोषणा झाली ती सेंटेनियल पार्कात. ते उद्यान १८८८ मध्ये त्याच्याच सरकारने लोकांना दिलेलं. आणि त्याच वर्षी नव्या संसदेने केलेल्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक स्थलांतर निर्बंध कायदा, ज्यात युरोपीय भाषेतल्या श्रुतलेखनाची परीक्षा घेऊन नको असलेल्या माणसाला परत पाठवता येई. श्रुतलेखन! शनिवारी आमच्या वर्गात मुलं हसत-कुरकुरत लिहितात तेच. लेखातला शेवटचा परिच्छेद हाच ठेवला आहे, माझी एकही टिप्पणी न जोडता.

एकूण शब्द ४१००. अकराशे कापायचे.

१४ जुलै, रविवार

कापाकापी संपली. कविता गेल्या, कवी टेनिसनशी असलेली मैत्री गेली, कर्जांचा परिच्छेद अर्धा झाला. क्लॅरिंडाच्या ओळी ठेवल्या. उच्चाराचा भाग ठेवला, आईचं 'पानी' काढलं होतं, मग परत घातलं. ३०४० शब्द.

२१ जुलै, रविवार

अण्णांनी मुद्रित वाचून दिलं. डोळे आता साथ देत नाहीत, तरी भिंगातून वाचलं, एकेक ओळ पट्टी सरकवत. तीन दुरुस्त्या. एका ठिकाणी १८८१ च्या जागी १८१८ झालं होतं. 'निर्बंध'मधला रफार चुकून पुढच्या अक्षरावर गेला होता. तिसरी दुरुस्ती शेवटच्या पानावर : मी 'मद्रासचे कामगार' लिहिलं होतं. अण्णांनी 'कामगार' खोडून वर बारीक अक्षरांत 'कंपोझिटर' लिहिलं होतं.

तिन्ही दुरुस्त्या केल्या. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फाइल पुण्याला पाठवली.